दुय्यम भूमिका आणि संगीतकार वसंत देसाई

‘दुय्यम’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळचा फारसी असून त्याचा अर्थ केवळ ‘दुसरा’ एवढाच आहे. क्रमवाचक शब्दाने कालांतराने गुणवाचक व्हावे, ही भाषेतील नित्याची घटना होय. परंतु समीक्षेनेही हा अर्थबदल निमूटपणे स्वीकारला, तर कलावंताच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा भाग दृष्टिआड होतो. वसंत देसाई (१९१२–१९७५) यांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे.

‘प्रभात’ची स्थापना झाली त्याच वर्षी, म्हणजे १९२९ साली, देसाई त्या संस्थेत आले. ‘खुनी खंजर’ (१९३०) या मूकपटानंतर ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) इत्यादी बोलपटांतही ते लहान भूमिकांत दिसले. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव व केशवराव भोळे यांचे संगीत तेथे त्यांच्या कानांवर पडत होते. पुढे ‘राजकमल’च्या ‘शकुंतला’ (१९४३) पासून संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि नटाचा विसर पडला. त्या भूमिका म्हणजे केवळ उमेदवारी, असा समज त्यामुळे रूढ झाला.

हा समज अपुरा आहे. गीत कोणाच्या मुखी आहे, याचे भान देसाईंच्या रचनांत सतत आढळते. ‘श्यामची आई’ (१९५३) मधील द्रौपदीच्या बंधुप्रेमाचे गीत घरगुती स्त्रीगीताचा साधेपणा सोडीत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील प्रार्थना कैद्यांसाठी, तर ‘गुड्डी’ (१९७१) मधील प्रार्थना शाळकरी मुलींसाठी आहे. दोहोंतही अशिक्षित कंठाला पेलतील असेच स्वर योजिले आहेत. शब्दांचे बोलीतील आघात चालीने मोडलेले नाहीत.

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मधील अमीर खाँ यांचे गायन किंवा ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) मधील बिस्मिल्ला खाँ यांची सनई यांकडे बोट दाखवून कोणी आक्षेप घेईल. परंतु तेथे कथाविषयच नृत्य आणि वादन हा असल्याने पांडित्य हीच पात्रांची भाषा ठरते. आक्षेपाने मूळ विधान बाधित न होता उलट दृढच होते.

अभिनयामुळेच हे भान आले, असा कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध करता येणार नाही. तथापि, पडद्यावर दुसऱ्याला जागा करून देणारा नट आणि पात्राला जागा करून देणारा संगीतकार यांच्या वृत्तीतील एकता नाकारता येत नाही. ‘दुय्यम’ हे स्थानाचे नाव आहे, मोलाचे नव्हे.