जुनं यंत्र, नवं जाळं: जोडणी नेमकी कोणाची?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे. पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे संगणक आजच्या नेटवर्कला जोडायचे, असा एक छंद आहे. जगभर लोक तो करतात, त्याचे व्हिडिओ टाकतात, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यातला एखादा पाहिलेला असणार. मी आज या छंदाकडे समीक्षक म्हणून बघणार आहे. नुसतं कौतुक करून थांबायचं नाही. नाटक बघून आल्यावर आपण विचारतो ना, की यात नटाचं काम किती आणि नेपथ्यानं किती तारून नेलं? तोच प्रश्न इथे विचारायचा.

असा व्हिडिओ साधारण कसा असतो? टेबलावर एक कॉमोडोर 64. हे यंत्र 1982 साली बाजारात आलं. मेमरी 64 किलोबाइट, आणि प्रोसेसरचा वेग जेमतेम 1 मेगाहर्ट्झ. मागच्या बाजूला बोटभर लांबीची एक पाटी खोचलेली. मालक कीबोर्डवर ‘एटीडीटी’ असं टाइप करतो आणि पुढे फोन नंबराच्या जागी एका सर्व्हरचा पत्ता. क्षणभरात पडद्यावर अक्षरं उमटायला लागतात. शीर्षक ठरलेलं: चाळीस वर्षांचा संगणक इंटरनेटवर!

आता त्या पाटीकडे बघा. तिच्यावर बहुतेक वेळा ईएसपी8266 नावाची चिप असते. ती 2014 साली आली, काही शे रुपयांत मिळते. बत्तीस बिटांची आहे आणि 80 मेगाहर्ट्झवर चालते. म्हणजे नुसतं घड्याळ बघितलं तरी कॉमोडोरच्या 80 पट. वायफायचा पासवर्ड ती सांभाळते, राउटरकडून पत्ता ती मिळवते, टीसीपी/आयपीची सगळी देवाणघेवाण तीच करते. कॉमोडोरला मात्र ती सांगते, ‘मी मोडेम आहे.’ 1981 मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमनं जी आज्ञांची भाषा रूढ केली, तीच भाषा ती बोलते. कॉमोडोरला वाटतं, फोन लागला. मग इंटरनेटवर कोण आहे? पाटी आहे. कॉमोडोर एका वायरीच्या टोकाला बसून येतील ती अक्षरं दाखवतोय.

पालखीत बसून पंढरपूर गाठायचं आणि ‘वारी चालत केली’ म्हणून सांगायचं, तसं हे. (हशा)

खरं सांगतो, माझं मत बरेच दिवस हेच होतं, आणि मी ते मोठ्या तोऱ्यात मांडायचो. मग एकदा स्वतःच्याच आठवणीनं मला अडवलं.

विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ज्यांनी त्या काळात नेट वापरलंय त्यांना ‘शेल अकाउंट’ हा शब्द आठवत असेल. टीसीपी/आयपी अकाउंट वेगळं, ते महाग. शेल अकाउंट स्वस्त, आणि त्यात फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. पण मुद्दा चित्रांचा नाही. शेल अकाउंटमध्ये तुमच्या घरचा पीसी इंटरनेटवर नसायचाच! तो फोन करून निगमच्या युनिक्स यंत्राला जोडला जायचा. पत्र वाचायचं पाइन त्या यंत्रावर चालायचं, वेबची पानं दाखवणारं लिंक्स त्या यंत्रावर चालायचं. घरचा पीसी काय करायचा? वायरीच्या टोकाला बसून येतील ती अक्षरं दाखवायचा.

आता मला सांगा, त्या दिवशी आपण शेजाऱ्यांना काय सांगितलं? ‘आमच्याकडे नेट आलं.’ कोणी म्हणालं नाही की बाबा रे, नेट व्हीएसएनएलकडे आहे, आमच्याकडे नुसता पडदा आहे.

तेव्हा माझा निवाडा मला बदलावा लागला. 1978 मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सीबीबीएस हा पहिला बुलेटिन बोर्ड सुरू केला. तिथपासून आपल्या शेल अकाउंटपर्यंत घरच्या संगणकानं दुसऱ्याच्या यंत्राचं टर्मिनल होणं, हेच असंख्य लोकांचं खरंखुरं ऑनलाइन जगणं होतं. कॉमोडोरला वायफाय मोडेम लावणारा माणूस कॉमोडोरला त्याची जुनी भूमिकाच परत देतोय. पाटीत खोट नाही. खोट असलीच तर शीर्षकात आहे, कारण पाटीचं नाव तिथे येत नाही.

म्हणून माझी कसोटी आता अशी आहे. यंत्रानं सगळं एकट्यानं केलं का, हे मी विचारत नाही; तसं कुठलंच यंत्र कधी करत नव्हतं. मी विचारतो, कोणतं काम कोणाकडे दिलंय, आणि बघणाऱ्याला ते कळतं का? या कसोटीवर आणखी दोन प्रकार तपासू.

एक प्रकार म्हणजे यंत्राला स्वतः टीसीपी/आयपी बोलायला लावणं. इथे ॲडम डंकेल्स या स्वीडिश संशोधकाचं नाव घ्यायलाच हवं. त्यांनी यूआयपी नावाचा टीसीपी/आयपीचा छोटा संच लिहिला, आणि 2003 च्या सुमारास कोंटिकी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आणली. कॉमोडोर 64 वर ती चालायची, तिच्यात ब्राउझरसुद्धा होता. हे बसलं कसं? टीसीपीचा नियम असा की पाठवलेलं पॅकेट वाटेत हरवलं तर पुन्हा पाठवायचं. त्यासाठी पोच येईपर्यंत प्रत जपून ठेवावी लागते, आणि प्रत ठेवायला मेमरी लागते. डंकेल्सनी प्रत ठेवलीच नाही. पॅकेट हरवलं की यूआयपी वरच्या प्रोग्रामला म्हणतो, ‘मघाशी दिलंस ते पुन्हा तयार करून दे.’ शिवाय एका जोडणीवर एका वेळी एकच पॅकेट बाहेर. त्याची पोच आली की पुढचं. वेग पार खाली येतो. पण नियम एकही मोडलेला नाही. पलीकडच्या सर्व्हरला कळतसुद्धा नाही की समोर कोण आहे. त्याच्या दृष्टीनं एक जरा सावकाश बोलणारं गिऱ्हाईक.

याला मी चांगली कारागिरी म्हणतो, कारण काय सोडलं आणि त्याची किंमत काय मोजली, हे दोन्ही उघड आहे. आणि ही नुसती हौस ठरली नाही. पुढे कोंटिकी लहान बिनतारी सेन्सरांसाठी वापरली गेली, कारण त्या यंत्रांनाही काही किलोबाइटमध्येच संसार करायचा होता.

डॉससाठी हेच काम मायकेल ब्रूटमन यांच्या एमटीसीपीनं केलंय. अगदी 1981 च्या मूळ आयबीएम पीसीच्या 8088 प्रोसेसरवरही ते चालतं. मी स्वतः ते एका 486 वर बसवलं. जुनं एनई2000 जातीचं नेटवर्क कार्ड, त्याचा पॅकेट ड्रायव्हर, आणि मग पत्ता मागणारा छोटा प्रोग्राम. दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली दीड कार्ड आणि दुसरं काहीतरी एकाच इंटरप्टवर भांडत होते ते सोडवण्यात. पण एकदाचं जमलं आणि राउटरच्या यादीत बघतो तर फोन, टीव्ही आणि त्यांच्यामध्ये हे 486. बाकीच्यांसारखाच पत्ता, ना कमी ना जास्त.

तेव्हा माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. माझा स्विच गिगाबिटचा. कार्ड 10 मेगाबिटचं, म्हणजे शंभर पटीनं हळू. स्विचनं काय केलं? त्या एका भोकापुरता स्वतः 10 वर उतरला. त्याच्या वरच्या थरात आयपी आणि टीसीपी: दोन्हींचे मूळ दस्तऐवज सप्टेंबर 1981 चे. त्यांच्यात पुढे किती सुधारणा झाल्या, पण जुनं बोलणाऱ्याला उत्तर मिळतं. जॉन पोस्टेल यांनी टीसीपीच्या त्या दस्तऐवजातच सूत्र घालून दिलंय: आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार असावं. म्हणजे खालचे थर अजून दुबळ्यासाठी जागा धरून आहेत.

मग मी वेबवर जायला निघालो आणि दार बंद. जवळजवळ प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर, आणि त्यातलं टीएलएसचं कूटलेखन 486 च्या त्या काळच्या सॉफ्टवेअरला येत नाही. कॉमोडोरची तर गोष्टच सोडा. सुरुवातीच्या हातमिळवणीचं गणितच त्याला मिनिटंच्या मिनिटं घेईल, आणि सर्व्हर तोवर थांबत नाही.

इथे छंदातला तिसरा प्रकार येतो: मध्ये प्रॉक्सी बसवायचा. त्यातही दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, आधुनिक यंत्रावर पान पूर्ण उघडा, त्याचा फोटो काढा, आणि तो फोटो जुन्या यंत्राला पाठवा. वेब रेंडरिंग प्रॉक्सी हे याचं प्रसिद्ध उदाहरण. फोटोवर जिथे क्लिक कराल तो बिंदू परत जातो आणि तिकडे दाबला जातो. डोकं अफाट लावलंय, मान्य. पण माझ्या कसोटीवर हा प्रकार सगळ्यात खाली. जुन्या ब्राउझरचं काम होतं मजकूर घेऊन पान मांडणं; तेच त्याच्याकडून काढून घेतलं. उरला तो फोटोफ्रेम. शेल अकाउंटमध्ये अक्षरं तरी आपल्या यंत्राची होती!

दुसरा पंथ फ्रॉगफाइंडसारख्यांचा. 2021 मधलं हे काम. पानातला मजकूर वेगळा काढायचा, बाकी सगळं टाकायचं, आणि साध्या एचटीएमएलमध्ये द्यायचं. पान मांडायचं काम जुन्या ब्राउझरकडेच राहतं. अर्थात ‘मजकूर’ कुठला आणि ‘बाकी सगळं’ कुठलं हे कोणीतरी ठरवतंच. म्हणजे हे संपादन आहे, आणि संपादनात चुका होतात. तक्ते मोडतात, फॉर्म चालत नाहीत. पण या पंथानं एक गोष्ट पुराव्यानिशी दाखवली. आज एखादं बातमीचं पान दोन मेगाबाइटचं असणं काही विशेष नाही. त्या एका पानात कॉमोडोरची अख्खी मेमरी 32 वेळा भरेल. आणि बातमी? गाळून घेतली तर काही किलोबाइट. बातमी त्या यंत्रात मावते. तिच्यासोबत येणारी वरात मावत नाही.

आता उगाच जुन्याचे गोडवे गायला नकोत. कुलूप लावायला कारण होतं. उघड्या एचटीटीपीवर वाटेतला कोणीही तुमचं वाचू शकतो, बदलूही शकतो. 2013 नंतर पाळतीच्या बातम्या बाहेर आल्या, लेट्स एन्क्रिप्टनं फुकट प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, आणि वेब झपाट्यानं कुलूपबंद झालं. चांगलंच झालं. या छंदातल्या मंडळींनाही सांगतो: टेलनेटवर जे टाइप कराल ते उघडं जातं, तिथे रोजचा पासवर्ड वापरू नका.

पण कुलूप आणि वजन या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कुलूप सुरक्षेसाठी. वजन कशासाठी? जुनं यंत्र या दोन्हींची फोड करून दाखवतं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. आणि हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. मोठ्या ब्राउझरांनी 2020 मध्ये टीएलएसच्या 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या बंद करायला घेतल्या. अँड्रॉइड 5 च्या आधीच्या फोनांत 1.2 मुळात चालू ठेवलेलंच नव्हतं. असा फोन तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल, किंवा गावाकडे अजून कोणाच्या हातात. काच शाबूत, बॅटरी बरी, वायफाय लागतं, आणि पान उघडत नाही. तो माणूस म्हणतो, ‘फोन खराब झाला.’ फोन तसाच आहे. बोलायच्या अटी बदलल्या, आणि त्याला कोणी कळवलं नाही.

तर माझा निवाडा. यंत्र स्वतः टीसीपी/आयपी बोलतं ते काम सर्वांत वर. वायफाय मोडेम आणि मजकूर गाळणारा प्रॉक्सी, दोन्ही प्रामाणिक, मदतनीसाचं नाव घेतलं तर. फोटो पाठवणारा प्रॉक्सी ही करामत, एकदा बघावी. या क्रमाशी तुमचे मतभेद असतील, असू देत. व्हिडिओ बघताना पाटी कुठे आहे एवढं मात्र शोधा.

प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, इम्युलेटरमध्ये हे सगळं होतंच की. मग खरं यंत्र कशाला?

सॉफ्टवेअरपुरतं होतं, बरोबर आहे तुमचं. कोंटिकी इम्युलेटरमध्येही शिकता येईल. पण इम्युलेटरच्या पोटात आजचा संगणक असतो, त्याला स्विच 10 वर उतरायची वेळच येत नाही. खालचे थर किती सांभाळून घेतात ते मला कार्ड आणि केबल लावल्यावरच दिसलं.

श्रोता: माळ्यावर जुना 386 आहे. सुरुवात कुठून करू?

लगेच बटण दाबू नका! आधी झाकण उघडा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर घड्याळासाठी छोटी रीचार्जेबल बॅटरी झाळलेली असते. ती गळते आणि आजूबाजूचं तांबं खाते. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर पहिलं काम ती बॅटरी कापून काढणं आणि तेवढा भाग साफ करणं. नेटवर्कचं त्यानंतर बघू.