जुन्या प्रकरणांची मांडणी: समूहनाचे बळ आणि मर्यादा

प्रकरणाधारित तर्कप्रणाली नवा प्रश्न सोडवताना नियमांऐवजी पूर्वानुभवाचा आधार घेते. आमोट आणि प्लाझा यांनी १९९४ मध्ये या पद्धतीचे चार टप्पे मांडले: मिळतेजुळते जुने प्रकरण शोधणे, त्याचे उत्तर वापरणे, ते तपासून दुरुस्त करणे आणि नवा अनुभव साठवणे. चौथ्या टप्प्यामुळे साठा फुगत जातो आणि पहिला टप्पा मंदावतो. मांडणीचा प्रश्न येथेच उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार जुना आहे. रॉजर शँक यांनी १९८२ मध्ये ‘डायनॅमिक मेमरी’ या ग्रंथात स्मृतीच्या रचनेचा सिद्धांत मांडला. त्यांच्या विद्यार्थिनी जॅनेट कोलोडनर यांच्या ‘सायरस’ प्रणालीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या दौऱ्यांच्या व भेटींच्या नोंदी होत्या. समान घटना एका सामान्य प्रसंगाखाली येत आणि त्यांच्यातील फरक शोधाच्या खुणा ठरत.

पुढे हे काम क्लस्टरिंगने, म्हणजे समूहनाने, केले जाऊ लागले. त्याचा लाभ साध्या हिशेबातून कळतो. १०,००० प्रकरणांचे प्रत्येकी १०० प्रकरणांचे १०० समूह केले, तर आधी १०० समूहकेंद्रांशी आणि मग निवडलेल्या समूहातील १०० प्रकरणांशी तुलना करायची; १०,००० तुलनांचे काम २०० वर येते. मात्र योग्य प्रकरण शेजारच्या समूहात असेल, तर ते हुकते. म्हणून सीमेजवळच्या प्रश्नासाठी दोन-तीन समूह धुंडाळावे लागतात, किंवा एकाच प्रकरणाला अनेक समूहांत अंशतः स्थान देणारे फझी समूहन वापरावे लागते.

प्रत्येक तंत्राची अडचण वेगळी आहे. के-मीन्सला समूहांची संख्या आधीच सांगावी लागते. शिवाय त्याचे केंद्र ही निव्वळ सरासरी असते, प्रत्यक्ष घडलेले प्रकरण नव्हे. के-मेडॉइड्समध्ये केंद्रस्थानी खरे प्रकरण असते, पण गणन वाढते. १९९६ चे डीबीस्कॅन घनता पाहते, संख्या आधी मागत नाही. विरळ जागेतील प्रकरणांना मात्र ते ‘गोंगाट’ ठरवते.

खरा पेच या शेवटच्या मुद्द्यात आहे. स्मिथ आणि कीन यांनी १९९५ मध्ये दाखवले, की काही प्रकरणे त्यांच्या प्रश्नावरचे एकमेव उत्तर असतात. ती वगळली की प्रणालीची क्षमता घटते. दुर्मीळ आजाराची एकुलती नोंद कोणत्याही दाट समूहात बसत नाही, तरी तसाच रुग्ण पुन्हा आला तर तीच उपयोगी पडते. सांख्यिकीच्या दृष्टीने जो गोंगाट, तो अनुभवाच्या दृष्टीने ठेवा असू शकतो. म्हणूनच स्मिथ आणि मकेना यांनी प्रकरणे केवळ गुणधर्मांवरून नव्हे, तर ती कोणते प्रश्न सोडवतात त्यावरून गटांत पाहिली. ही दिशा अधिक योग्य आहे.

समूह किती घट्ट आहेत, यावरून मांडणीचे मोल ठरत नाही. हवे ते प्रकरण हव्या त्या वेळी हाती लागते का, हीच तिची खरी कसोटी आहे.