पिस्तूल काढलं म्हणे! पण मोजणार कसं?

२३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा बंदूक बाळगण्याच्या परवान्याचा कायदा रद्द ठरवला. हा ब्रूएन खटल्याचा निकाल. त्याला न्यायमूर्ती अलिटो यांनी स्वतंत्र सहमतीचं टिपण जोडलं. त्यात एक वाक्य येतं, त्याचा आशय असा : सर्वेक्षणांनुसार वर्षाला २५ लाखांपर्यंत वेळा लोक स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा वापर करतात.

हा २५ लाखांचा आकडा मी एम.ए.ला असताना एका सेमिनारमध्ये मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिला होता. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘‘किती माणसांना विचारून?’’ मला सांगता आलं नाही. आजची पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करतायत, त्यांना ‘प्रश्नावली पद्धतीच्या मर्यादा’ हा मुद्दा पाठ असतोच. तो प्रत्यक्षात कसा दिसतो, हे कळायला या वादाइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मूळ लेख गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांचा, १९९५ सालचा. जर्नल ऑफ क्रिमिनल लॉ अँड क्रिमिनॉलॉजी या नियतकालिकात आला. १९९३ च्या सुरुवातीला त्यांनी देशभर फोनवरून ४,९७७ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. गेल्या पाच वर्षांत तुम्ही किंवा घरातल्या कुणी स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरली का, गोळी झाडली नसली तरी चालेल, असा साधारण प्रश्न. हो म्हणणाऱ्याला मग तपशील विचारायचे. भारित हिशोबाने १.३३ टक्के लोक म्हणाले, की गेल्या वर्षभरात आपण स्वतः असं केलं. म्हणजे साधारण ६६ माणसं. तेव्हाच्या जवळपास १९ कोटी प्रौढांना हे प्रमाण लावलं की २५ लाख होतात.

मॅडम, ६६.

आता हसू नका. ६६ ही संख्या वाईट नाही. नमुना नीट निवडला असेल, तर पाच हजारांतून कोट्यवधींचा अंदाज करता येतोच, निवडणुकांचे अंदाज असेच निघतात. शिवाय हे दोघे गाफील नव्हते. ज्यांनी हो म्हटलं, त्या प्रत्येकाला पर्यवेक्षकाने पुन्हा फोन करून खात्री केली. नुसता आवाज ऐकून बंदूक हातात घेतली, समोर माणूसच नव्हता, अशा घटना वगळल्या. कुठला गुन्हा घडत होता हे सांगता आलं नाही, तीही वगळली. मार्विन वुल्फगँग हे त्या काळातले गुन्हेशास्त्रातले फार मोठे नाव, आणि बंदुकांचे कट्टर विरोधक. त्यांनी त्याच नियतकालिकात जाहीरपणे लिहिलं, की हा निष्कर्ष मला आवडत नाही, पण पद्धतीत मला खोट काढता येत नाही. आपल्या मताच्या विरोधात जाणाऱ्या कामाची अशी कबुली मी तरी क्वचितच वाचलीय.

मग अडचण कुठे आहे?

सरकारचं स्वतःचं एक सर्वेक्षण आहे, नॅशनल क्राइम व्हिक्टिमायझेशन सर्व्हे. डेव्हिड मॅकडॉवल आणि ब्रायन वीर्सेमा यांनी १९९४ मध्ये त्यातल्या १९८७ ते १९९० च्या माहितीवरून आकडा काढला, तो वर्षाला सुमारे ६५ हजार. एकीकडे ६५ हजार, दुसरीकडे २५ लाख. जवळजवळ ३८ पट फरक. एकाच देशात, एकाच गोष्टीबद्दल! सरकारी आकड्याचं प्रमाण क्लेक यांच्या नमुन्याला लावलं, तर त्या ४,९७७ मध्ये फार तर दोन माणसं सापडायला हवी होती. म्हणजे तीस वर्षं चाललेलं हे भांडण शेवटी साधारण चौसष्ट फोनकॉलचं आहे.

इथे आधी माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगते. माझा विषय वस्तीपातळीवरच्या चोरी-मारहाणीच्या अनुभवांचा. पायलटच्या वेळी एका काकूंना विचारलं, ‘‘गेल्या वर्षभरात घरात चोरी झाली का हो?’’ काकू लगेच म्हणाल्या, ‘‘झाली की! गॅसचं सिलिंडरच उचलून नेलं मेल्यांनी.’’ मी टिकमार्क केला. तेवढ्यात आतून सूनबाई म्हणाल्या, ‘‘आई, तेव्हा पिंट्या पोटात होता.’’ पिंट्या दारातच उभा होता, बालवाडीचं दप्तर पाठीला लावून.

काकू खोटं बोलत नव्हत्या. चोरी झालीच होती, आणि मनाला लागली होती, म्हणून जवळची वाटत होती. याला टेलिस्कोपिंग म्हणतात, दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसावं तसं. सरकारी सर्वेक्षण त्यावर एक जुनी युक्ती वापरत असे. त्याच घरात दर सहा महिन्यांनी जायचं, आणि पहिली मुलाखत आकड्यात धरायचीच नाही. ती नुसती खूण. पुढच्या वेळी विचारायचं, की मागच्या भेटीनंतर काय झालं? क्लेक-गर्ट्झ यांच्याकडे अशी खूण नव्हती. एकच फोन. आणि बंदूक रोखण्याचा प्रसंग सिलिंडरच्या चोरीपेक्षा कितीतरी जास्त मनाला चिकटणारा.

हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ मध्ये जो प्रतिवाद केला, त्याचा गाभा मात्र याहून साधा आहे, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखा आहे. समजा ५,००० माणसांत खरोखर पिस्तूल काढलेली १० आहेत. उरलेल्या ४,९९० पैकी फक्त एक टक्का लोकांनी चुकीचा होकार दिला, कुणी आठवणीच्या गोंधळाने, कुणी फुशारकीने, कुणी प्रश्न नीट न कळल्याने. झाले ५० खोटे होकार. तुमच्या कागदावर ६० येणार, खऱ्याच्या सहापट. आता उलटं करा. त्या खऱ्या दहांपैकी सगळ्यांनी जरी लपवलं, तरी कमी होऊन होऊन किती होणार? दहाच. गोष्ट जितकी दुर्मीळ, तितका हा तराजू एका बाजूला कलतो. क्लेक म्हणतात, की लोक लपवतातही, कारण अनेकांकडची बंदूक बेकायदा असते. ते खरंच असणार. पण लपवायला मुळात माणसंच दहा आहेत.

हेमेनवे यांनी यासाठी एक उदाहरण दिलं, ते फार गाजलं. १९९४ च्या एका जनमत चाचणीत काही अमेरिकन म्हणाले होते, की आपला परग्रहवासीयांशी प्रत्यक्ष संपर्क आला. त्यांचं प्रमाण देशाला लावलं तर दहा-बारा लाख लोक एलियनना भेटून आलेत! वर्गात सांगितलं की पोरं खूश होतात. मला मात्र हे उदाहरण पूर्ण पटत नाही. एलियन भेटला म्हणणाऱ्याला पोलीस पकडत नाहीत. पार्किंगमध्ये दोन जणांवर पिस्तूल रोखलं असं अनोळखी माणसाला फोनवर सांगणाऱ्याला तेवढी धास्ती असू शकते. दोन्ही होकारांची किंमत सारखी नाही. शिवाय खोट्या होकाराचं प्रमाण एक टक्का की अर्धा टक्का, हे उदाहरणावरून ठरत नाही. हेमेनवे यांनी दाखवलं ते एवढंच, की आकडा प्रचंड फुगलेला असू *शकतो*. किती फुगला, ते यातून निघत नाही. प्रतिवाद वाचताना विद्यार्थी ही पायरी हमखास गाळतात, मीही गाळली होती.

फुगला आहे हे कळतं ते बाहेरच्या पुराव्याशी ताडून बघितल्यावर. क्लेक यांच्या उत्तरदात्यांपैकी सुमारे ८ टक्के म्हणाले की आपण समोरच्याला जखमी केलं किंवा मारलं. २५ लाखांचे ८ टक्के म्हणजे २ लाख माणसं. त्याच काळात देशभरातल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात बंदुकीच्या जखमेने आलेले आणि वाचलेले लोक वर्षाला सुमारे ९९ हजार होते. यात हल्ले, अपघात, आत्महत्येचे प्रयत्न, सगळंच आलं. क्लेक यावर सांगतात, की हा ८ टक्क्यांचा भाग फार थोड्या माणसांवर उभा आहे, त्यावर भर देऊ नका असं आम्हीच लिहिलं होतं. शिवाय आपली गोळी लागली असं माणसाला नुसतं वाटतंही. ठीक. पण मग त्याच माणसांच्या त्याच मुलाखतीतला पहिला होकार तेवढा पक्का कसा?

फिलिप कुक आणि जेन्स लुडविग यांचं काम मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त आवडतं. १९९४ मध्ये त्यांनी स्वतः क्लेक यांच्यासारखंच सर्वेक्षण केलं आणि आकडेही तसेच लाखांत आले. सोपं होतं, की ‘आमच्याही हाती तेच लागलं’ म्हणून मोकळं व्हायचं. त्याऐवजी त्यांनी आपलीच उत्तरं उसवून पाहिली. त्यांच्या आकड्यांनुसार जितक्या स्त्रियांनी बंदुकीने बलात्कार रोखला, ती संख्या देशात त्या वर्षी झालेल्या एकूण बलात्कारांच्या आणि प्रयत्नांच्या अंदाजाहून जास्त भरत होती. वर्षभरात पिस्तूल वापरलेले त्यांच्याकडे १९ जण होते, त्यातल्या एका बाईंनी सांगितलं की आपण ते ५२ वेळा वापरलं. आठवड्याला एकदा! त्यांनी अहवालात सरळ लिहिलं, की आमच्या सर्वेक्षणातून निघणारा लाखांचा आकडा अतिशयोक्त आहे. आपल्याच आकड्याविरुद्ध असं लिहायचं धाडस मला माझ्या प्रबंधात होईल का, ठाऊक नाही.

सरकारी आकडाही धुतल्या तांदळासारखा नाही, हे सांगायला हवं. त्यात बंदुकीचा प्रश्न थेट विचारतच नाहीत. आधी तुमच्यावर गुन्हा झाला असं तुम्ही सांगायचं, मग विचारतात की त्या वेळी तुम्ही काही केलंत का. तिथे माणूस आपणहून पिस्तुलाचं बोलला तर नोंद. गुन्हा घडायच्या आधीच समोरचा पळाला आणि बाईंना तो ‘गुन्हा’ वाटलाच नाही, तर पुढचा प्रश्न येतच नाही. त्यात विचारणारा सरकारी माणूस, आणि तुमचा पत्ता त्याच्याकडे. ६५ हजारांना मी ‘खरा आकडा’ म्हणणार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. दोन्ही बाजूंनी एवढी शाई खर्च केली ती ‘किती वेळा’ यावर. नेमकं *काय* घडलं, यावर फार थोडी. क्लेक यांच्याच माहितीत बहुसंख्य प्रसंगांत गोळी सुटलेली नाही, जेमतेम चौथ्या हिश्शात सुटली. विल्यम इंग्लिश यांच्या २०२१ च्या सर्वेक्षणातही ८१.९ टक्के प्रसंगांत गोळी झाडली गेली नाही. (तिथे वर्षाला साधारण १६ लाख ७० हजार प्रसंगांचा अंदाज आहे. १६,७०८ बंदूकमालक, नमुना मोठा. पण नमुना मोठा केल्याने योगायोगाची चूक घटते, खोटा होकार घटत नाही.) म्हणजे बहुतेक वेळा घडतं ते असं : एकाला धोका वाटला, त्याने पिस्तूल दाखवलं, दुसरा निघून गेला. धोका होता का, याचा साक्षीदार एकच, पिस्तूल हातात असलेला.

यावर हेमेनवे, डेबोरा अझ्राएल आणि मॅथ्यू मिलर यांचा २००० सालचा एक छोटासा लेख आहे, इंज्युरी प्रिव्हेन्शन नियतकालिकात. त्यांनी उत्तरदात्यांनी आपल्या शब्दांत सांगितलेले प्रसंग फौजदारी न्यायालयांच्या पाच न्यायाधीशांना वाचायला दिले. सूचना अशी, की या माणसाकडे परवाना आहे असं धरा, आणि तो प्रामाणिकपणे सांगतोय असंही धरा. तरीही न्यायाधीशांनी निम्म्याहून जास्त प्रसंग बहुधा बेकायदा ठरवले. वाद वाढला, शिवीगाळ झाली, आणि पिस्तूल निघालं, असे ते प्रसंग. सांगणाऱ्याच्या लेखी मात्र ते स्वसंरक्षणच. इथे कुणी खोटं बोललेलं नाही, आठवण चुकलेली नाही, तारीखही बरोबर असेल. तरी ‘हो’ या रकान्यात कायदेशीर बचाव आणि धमकी शेजारीशेजारी बसलेत. प्रसंग थोडे होते, आणि न्यायाधीशांनी एकाच बाजूचं वाचलं, ही मर्यादा आहेच. पण पुन्हा फोन करून खात्री केली, या क्लेक यांच्या दाव्यातून काय निसटतं, ते इथे दिसतं. पर्यवेक्षक प्रसंग घडला का ते तपासतो. तो बचाव होता का, हे तपासायला त्याच्याकडे काही नाही.

ज्यांना गुणात्मक संशोधन करायचंय, त्यांनी जेनिफर कार्लसन यांचं ‘सिटिझन-प्रोटेक्टर्स’ (२०१५) मिळालं तर वाचा. मिशिगनमधल्या बंदूक बाळगणाऱ्यांबरोबर त्या राहिल्या, बोलल्या, स्वतः प्रशिक्षक झाल्या. काहीही घडलेलं नसताना कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला जाणारा माणूस स्वतःला काय समजतो, ते त्यात आहे. फोनवर ‘तुम्ही स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरली का’ असं विचारल्यावर तो ‘स्वसंरक्षण’ हा शब्द कुठल्या अर्थाने ऐकतो, याचा अंदाज मला तिथे आला.

आणि ज्याच्यावर पिस्तूल रोखलं गेलं, त्याचं काय? हेमेनवे यांच्या त्याच सर्वेक्षणांत ‘माझ्यावर कुणी बंदूक रोखली किंवा तिने धमकावलं’ म्हणणारे लोक ‘मी स्वसंरक्षणासाठी वापरली’ म्हणणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. खोट्या होकाराचा नियम याही आकड्याला लागू आहे, हे विसरू नका. माझ्या प्रश्नावलीत मी आता काकूंच्या प्रश्नाखाली दोन ओळी वाढवल्यात. एक, ‘तेव्हा घरातलं सगळ्यात लहान मूल केवढं होतं?’ दुसरी मारहाणीच्या भागात, ‘समोरच्याला विचारलं तर तो काय सांगेल?’ दुसऱ्या प्रश्नाला पायलटमध्ये बहुतेक जण आधी गप्प बसले. गाईड म्हणतायत, हा प्रश्न काढून टाक, उत्तरं कोडिंग करता येणार नाहीत. अजून काढलेला नाही.