ग्रँट यांनी न लिहिलेली आठ वर्षे

युलिसिस ग्रँट हे अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष. पण साहित्याच्या वाचकाला ते भेटतात ते सेनापती म्हणून. १८८४मध्ये भागीदाराच्या लबाडीने त्यांची पेढी बुडाली, आणि त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. कुटुंबाची सोय व्हावी म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. हस्तलिखित पुरे करून अवघ्या काही दिवसांत, जुलै १८८५मध्ये ते वारले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने त्यांचे दोन खंड काढले आणि ते प्रचंड खपले.

भाषांतरकार म्हणून मला हे गद्य फार मोलाचे वाटते. आवाज गेल्यावर ग्रँट डॉक्टरांशी चिठ्ठ्यांतून बोलत. अशाच एका चिठ्ठीत त्यांनी आपण सर्वनाम नसून क्रियापद आहोत, असे लिहिले होते. पुस्तकही तसेच आहे. हुकूम सुटतात, फौजा हलतात, नद्या ओलांडल्या जातात. ‘मी’ येतो, पण मिरवत नाही. मराठीला हे सहज पेलते. ‘मी फौज पाठवली’ या वाक्यात क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही, ते कर्मामागे जाते. ॲपोमॅटॉक्स येथे शरण आलेल्या ली यांच्याविषयीचा आदर आणि ते ज्यासाठी लढले त्याचा ठाम धिक्कार, दोन्ही एकाच शांत सुरात येतात.

मात्र हे कथन १८६५पाशी थांबते. १८६९ ते १८७७ ही अध्यक्षपदाची वर्षे त्यात जवळपास नाहीतच. समारोपात सांतो डोमिंगो जोडून घेण्याच्या फसलेल्या बेताचा उल्लेख येतो, तोही ओझरता. वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७०मध्ये झाली. पुढल्या वर्षी कू क्लक्स क्लॅनविरुद्ध कायदा झाला आणि ग्रँट यांनी तो साउथ कॅरोलायनात कठोरपणे राबवला. १८७३मध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. १८७५मध्ये मिसिसिपीत निवडणूक दहशतीखाली पार पडली आणि ग्रँट यांनी लष्कर धाडले नाही. या यशाचा आणि या माघारीचा त्यांनी दिलेला हिशेब आपल्यापाशी नाही.

आयुष्य संपत आले होते, हे कारण खरेच. पण युद्धाच्या आठवणी उत्तर आणि दक्षिण दोघांनाही वाचता येत होत्या. त्यानंतरच्या वर्षांचे तसे नव्हते. ही मोकळी जागा इतरांनी भरली. दक्षिणेची बाजू उचलून धरणाऱ्या इतिहासकारांमुळे ग्रँट यांची राजवट कित्येक दशके केवळ भ्रष्टाचारासाठी ओळखली गेली.

मराठी वाचकाला ही उणीव अधिक जाणवावी. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती १८७३मध्ये, ग्रँट अध्यक्ष असताना, कोलफॅक्सच्याच वर्षी. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, तिचे पुढे काय झाले, हे अधिकाराने सांगू शकणारा माणूस हाच होता. म्हणून या आठवणी मराठीत याव्यात, पण त्या आठ वर्षांची सविस्तर प्रस्तावना जोडूनच. नाहीतर उत्तम गद्याच्या भरात त्यातले मौन आपण निमूट स्वीकारू.