क्लबची दंतकथा : फुटबॉलपटूच्या थोरवीच्या निकषांची चिकित्सा (इटालियन फुटबॉलच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मराठी क्रीडालेखनात 'महान', 'दिग्गज' आणि 'दंतकथा' हे तीन शब्द बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. 'महान' हा कौशल्याविषयीचा निर्णय आहे. 'दिग्गज' या शब्दात ज्येष्ठता व अधिकार सूचित होतात. 'दंतकथा' मात्र मुखपरंपरेने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. ती सांगणारा समूह नसेल तर तिला अस्तित्व उरत नाही. म्हणूनच एखादा फुटबॉलपटू आपल्या क्लबची दंतकथा केव्हा ठरतो, हा प्रश्न तो किती चांगला खेळत होता या प्रश्नाहून वेगळा आहे. प्रस्तुत लेखात इटलीतील पाओलो माल्दिनी (मिलान), गाब्रिएल बातिस्तुता (फिओरेंतिना) आणि फ्रान्चेस्को तोत्ती (रोमा) या तीन खेळाडूंच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रचलित निकष :

या संदर्भात सामान्यतः तीन निकष पुढे केले जातात : खेळलेल्या सामन्यांची व गोलांची संख्या, क्लबला मिळवून दिलेली विजेतेपदे आणि एकाच क्लबशी राखलेली निष्ठा. हे तिन्ही निकष मोजता येतात, हेच त्यांचे आकर्षण आहे. निष्ठेच्या निकषाला १९९५ च्या बोस्मन निकालानंतर अधिक वजन प्राप्त झाले. त्यापूर्वी करार संपल्यानंतरही खेळाडूच्या बदल्यात क्लबला रक्कम मागता येत असे. युरोपीय न्यायालयाच्या या निकालाने करार संपलेल्या खेळाडूस युरोपीय संघात विनामोबदला क्लब बदलण्याची मोकळीक मिळाली. जाणे सुलभ झाल्यामुळे थांबणे हा जाणीवपूर्वक केलेला निर्णय ठरू लागला. तथापि हे तिन्ही निकष एकत्र आले तरी दंतकथा निर्विवाद होतेच असे नाही.

माल्दिनी : सर्व निकषांची पूर्ती आणि तरीही वाद

माल्दिनीने २० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, मिलानकडून पदार्पण केले. २५ हंगामांत त्याने क्लबसाठी ९०२ सामने खेळले. इटलीची सात विजेतेपदे व युरोपीय चषकाची पाच विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. त्याचे वडील चेझारे हे १९६३ मध्ये युरोपीय चषक जिंकणाऱ्या मिलान संघाचे कर्णधार होते. मोजता येणाऱ्या कोणत्याही निकषावर याहून भक्कम दावा आढळणे कठीण आहे.

असे असूनही २४ मे २००९ रोजी, सान सिरो मैदानावरील त्याच्या अखेरच्या सामन्यात, प्रेक्षागृहाच्या एका भागातील संघटित समर्थकांनी त्याच्याविरुद्ध शिट्ट्या वाजवल्या. या समर्थकांशी त्याचे जुने मतभेद होते. त्याच वेळी त्यांनी फ्रँको बारेसीच्या सहा क्रमांकाच्या गणवेशाचे भव्य चित्र फडकावले. उर्वरित प्रेक्षकांनी माल्दिनीचा गौरवच केला. आठवडाभराने फ्लॉरेन्स येथे, कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात, प्रतिस्पर्धी फिओरेंतिनाच्या प्रेक्षकांनीही उभे राहून त्याला मानवंदना दिली.

बारेसीचीच निवड का झाली, हे येथे विचारात घेणे आवश्यक आहे. सट्टेबाजीच्या प्रकरणामुळे १९८० मध्ये मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. १९८२ मध्ये संघ खेळातील अपयशामुळे पुन्हा घसरला. दोन्ही वेळी बारेसी क्लबमध्येच राहिला. माल्दिनीचे पदार्पण हा कालखंड सरल्यानंतरचे आहे. त्याच्या वाट्याला प्रामुख्याने वैभवाचा काळ आला, आणि हा त्याचा दोष नव्हे. समर्थकांच्या त्या गटाचे वर्तन अन्यायकारक होते असेच म्हणावे लागेल. परंतु वैभवाच्या साक्षीदारापेक्षा नामुष्कीच्या सोबत्याला समूहस्मृती अधिक जवळ करते, हे त्यातून सूचित होते.

बातिस्तुता : निघून जाऊनही टिकलेले नाते

बातिस्तुताचे उदाहरण निष्ठेच्या निकषाला छेद देते. अर्जेंटिनाचा हा खेळाडू १९९१ मध्ये फिओरेंतिनात आला. १९९२-९३ च्या हंगामात त्याने १६ गोल केले, तरीही संघाची घसरण झाली. राष्ट्रीय संघातील प्रस्थापित आघाडीवीर असूनही तो दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि पुढील हंगामात संघ वर आला. १९९४-९५ मध्ये तो २६ गोलांसह इटलीतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. मात्र फिओरेंतिनाबरोबर इटलीचे विजेतेपद त्याला कधीच लाभले नाही. अखेर २००० मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो रोमाकडे गेला.

२६ नोव्हेंबर २००० रोजी त्याने रोमाकडून फिओरेंतिनाविरुद्ध निर्णायक गोल केला. त्याने जल्लोष केला नाही. त्याच्या डोळ्यांत अश्रू होते. त्याच हंगामात रोमाने विजेतेपद पटकावले आणि ज्यासाठी त्याने फ्लॉरेन्स सोडले होते ते त्याला मिळाले. फ्लॉरेन्सने त्याला गद्दार ठरवले नाही. २०१४ मध्ये फिओरेंतिनाच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला. जाण्यापूर्वी त्याने नऊ वर्षे दिली होती आणि पडत्या काळातील वर्ष त्यात सर्वांत महत्त्वाचे होते. म्हणजेच क्लब न सोडणे ही दंतकथेची अनिवार्य अट नाही. सोडण्यापूर्वी काय सोसले आणि सोडताना नात्याची बूज कशी राखली, हे अधिक निर्णायक ठरते.

तोत्ती : अल्प यश, एकरूप चरित्र

तोत्ती रोममध्येच जन्मला व वाढला. २८ मार्च १९९३ रोजी पदार्पण करून २८ मे २०१७ पर्यंत त्याने रोमासाठी ७८६ सामन्यांत ३०७ गोल केले. एवढ्या प्रदीर्घ काळात त्याला देशाचे विजेतेपद केवळ एकदा, २०००-०१ मध्ये, मिळाले. अनेक हंगामांत संघ दुसऱ्या स्थानावर राहिला. रेआल माद्रिदचे निमंत्रण असतानाही तो रोममध्येच राहिला. विजेतेपदांच्या हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार होता. मात्र या तोट्यामुळेच त्याचे चरित्र आणि त्या शहराच्या समर्थकांचे चरित्र एक झाले. दुसऱ्या स्थानाची निराशा दोघांनी एकत्र भोगली.

या नात्यात सारेच सुरळीत होते असे नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत प्रशिक्षकाशी झालेल्या मतभेदांमुळे त्याला एका सामन्यातून वगळण्यात आले. त्याच वर्षी २० एप्रिलला तोरिनोविरुद्ध संघ १-२ असा पिछाडीवर असताना तो अखेरच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरला आणि त्याने दोन गोल करून सामना जिंकून दिला. निवृत्तीनंतर क्लबच्या व्यवस्थापनातील पदाचाही त्याने २०१९ मध्ये मतभेदांमुळे राजीनामा दिला. तरी त्याच्या दंतकथेला बाध आला नाही. यावरून क्लब म्हणजे त्याचे तत्कालीन मालक नव्हेत, हा भेद समर्थक अचूक जाणतात असे दिसते.

आक्षेप आणि विचार :

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तोत्तीसारख्या खेळाडूला उत्तम मानधन मिळत होते. त्यामुळे त्यागाची भाषा अतिशयोक्त ठरते, आणि 'दंतकथा' हा शब्द आज क्लबच्या जाहिरातीचाही भाग झाला आहे. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. परंतु जाहिरात आधीपासून अस्तित्वात असलेल्या स्मृतीचा वापर करते, ती स्मृती निर्माण करू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दंतकथा समूहाने ठरवायची, तर माल्दिनीवरील अन्यायही योग्य मानावा लागेल. यास उत्तर असे की, आवाज मोठा असलेला गट म्हणजे समूह नव्हे. समूहाचा निवाडा एका दिवसाच्या शिट्ट्यांतून होत नाही. तो काळाच्या ओघात स्थिरावतो. इटलीच्या २०२१-२२ च्या विजेतेपदाच्या वेळी माल्दिनी मिलानचा तांत्रिक संचालक होता, हेही या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष :

१) सामने, गोल व विजेतेपदे ही थोरवीची साधने आहेत, दंतकथेचा गाभा नव्हे.

२) एकाच क्लबमध्ये कारकीर्द घालवणे ही दंतकथेची पुरेशी अट नाही आणि अनिवार्यही नाही.

३) क्लबच्या पडत्या काळातील सहभाग हा सर्वाधिक निर्णायक घटक दिसतो.

४) खेळाडूची कथा क्लबला वगळून आणि क्लबची कथा त्या खेळाडूला वगळून सांगता येत नाही, तेव्हाच दंतकथा सिद्ध होते.

संस्था माणसाच्या सेवेची नोंद आकड्यांत ठेवतात, आणि ती नोंद आवश्यकही असते. मात्र संस्थेच्या कठीण दिवसांत कोण सोबत होते, याची नोंद माणसांच्या बोलण्यात राहते. ९०२ हा आकडा मिलानच्या दप्तरात कायम राहील. सान सिरोत त्या दिवशी बारेसीचा गणवेश का उंचावला गेला, हे मात्र दप्तरातून कळणार नाही. ते कोणीतरी सांगावे लागेल.