कट्यारीच्या सुरांचा हिशेब

परदेशातल्या मराठी नाटकाचं अंदाजपत्रक एकदा नीट वाचावं. सभागृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, नेपथ्य, तालमींचा चहा-वडा, सगळ्याची नोंद असते. लेखकाचं मानधन शेवटच्या ओळींत सापडतं. संगीतकाराचं नाव श्रेयनामावलीत असतं, हिशेबात क्वचितच. दुबई-अबुधाबीतल्या प्रयोगांवर लिहिताना आपणही हा मुद्दा गाळतो. माझ्या मते तो समीक्षेचाच मुद्दा आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) घ्या. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. पंडितजी आणि खाँसाहेबांच्या गायकीतला फरक संवादांतून सांगून भागत नाही, तो कानाला जाणवावा लागतो. दोन घराण्यांचा बाज वेगळा ऐकू आला नाही, तर सदाशिव कशासाठी जीव धोक्यात घालतो हेच कळणार नाही. इथे चालीच कथानक पुढे नेतात. त्या अर्थी अभिषेकी या नाटकाचे सहलेखक आहेत.

तरी संगीतकाराच्या वाट्याला आपल्याकडे बरेचदा बिदागीच येते. शब्दच निरोपाचा आहे: एकदा रक्कम हातावर ठेवली की संबंध संपला. याउलट व्हेर्दीचं उदाहरण पाहा. ‘आयदा’साठी त्याने इजिप्तच्या खेदिवाकडून दीड लाख फ्रँक ठरवून घेतले, आणि दिले ते फक्त इजिप्तपुरते हक्क. बाकी जगाचे स्वतःकडे राखले. १८७१मध्ये कैरोत पहिला प्रयोग झाला. त्या घासाघिशीमुळे ‘आयदा’ची थोरवी तसूभरही कमी झाली नाही.

‘आम्ही हौशी, आम्हाला कसली रॉयल्टी?’ हा प्रश्न खोटा नाही. भारतीय कायदा हौशी मंडळांना सवलत देतो, पण प्रेक्षक विनामूल्य आलेले असतील किंवा प्रयोग एखाद्या धर्मसंस्थेच्या मदतीसाठी असेल तरच. शिवाय तो कायदा भारतातला. अमिरातीत २०२१चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यानुसार कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क टिकतात. गोविंदराव टेंबे १९५५मध्ये गेले, त्यामुळे ‘मानापमान’च्या त्यांच्या चाली आता मोकळ्या आहेत. अभिषेकी १९९८मध्ये गेले. त्यांच्या चाली इथे २०४८ संपेपर्यंत मोकळ्या होणार नाहीत. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे.

रक्कम लहान असू शकते. मंडळाची ऐपत सांगावी, हक्कदारांनी ती ऐकावी, घासाघीस व्हावी. कलेला कुलूप लावणारा खाँसाहेब आपल्याला नकोच आहे. पण सदाशिवालाही दाराआडून ऐकण्यावर भागवता येत नाही, शेवटी उस्तादांसमोर उघडपणे यावंच लागतं. या नाटकावर टाळ्या वाजवणाऱ्या मंडळाने परवानगीचं पत्र न लिहिणं म्हणजे नाटक पाहूनही न ऐकणं. पुढच्या अंदाजपत्रकात सभागृहाच्या भाड्याच्या खालोखाल एक ओळ संगीतकारासाठी असावी, आणि ती तालमी सुरू होण्याआधी भरलेली असावी.