दावीदासमोरचे चेहरे

मायकेलॅन्जेलोच्या दावीदाला २००४ साली पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जर्मन छायाचित्रकार थॉमस श्ट्रुथ यांनी फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात ‘ऑडियन्स’ ही चित्रमाला टिपली. सतरा फुटी दावीद तिच्यात कोठेच नाही. आहेत ती केवळ त्याला पाहायला आलेली माणसे. अर्ध्या विजारी, खांद्याला पिशव्या. कुणी आ वासून वर पाहत आहे, कुणी चक्क कंटाळलेले.

मार्टिन पार यांच्या २०१२ मधील छायाचित्रात लूव्रमधील ‘मोनालिसा’समोर मोबाइल उंचावणारी झुंबड दिसते. ते पाहून आपण हसतो आणि आपण काही त्या गर्दीतले नव्हे, असे समाधान मानून घेतो. श्ट्रुथ आपल्याला हे सुख लाभू देत नाहीत. पाठमोऱ्या गर्दीची थट्टा सहज करता येते. वर उचललेल्या चेहऱ्याची करवत नाही. घाईने आलेला तो प्रवासी क्षणभर का होईना, खरोखर थबकलेला असतो.

दोष काढायचाच तर आकाराचा. ही छायाचित्रे जवळजवळ भिंतभर मोठी आहेत. भव्यतेने दिपवणे हे दावीदाचे काम; ते छायाचित्राने उसने का घ्यावे? हातात मावणाऱ्या चित्रातही तो चेहरा तितकाच बोलला असता.